हत्तीरोगाच्या औषधाची मद्रासी कुळकथा

मद्रासच्या सेंट्रल स्थानकातून बाहेर पडले, की रस्त्यापलीकडे सरकारी जनरल हॉस्पिटलच्या इमारती दिसतात. बदलीचा हुकूम घेऊन या शहरात उतरणाऱ्या प्रत्येक मराठी नोकरदाराची नजर त्यांवरून एकदा तरी गेलेली असते. परंतु सामान, मुलेबाळे आणि हमालाशी खुणांच्या भाषेत चाललेली घासाघीस यांतून त्या इमारतींचा इतिहास विचारण्याची सवड कोणास मिळणार? रुग्णालयाचा आरंभ १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात झाला. त्याच्याशी जोडलेली वैद्यकाची पाठशाळा १८३५ सालची. शहराचे नाव १९९६ साली चेन्नई झाले आणि पुढे रुग्णालयाचे नावही बदलले. मी येथे ज्या काळाविषयी लिहीत आहे त्या काळातील नावेच ठेवतो.

तमिळ देशातील वैद्यकाचा विषय निघाला म्हणजे आपणां मराठी मंडळींना प्रथम आठवण होते ती तंजावरच्या सरफोजी राजांची आणि त्यांच्या धन्वंतरी महालाची. ती योग्यच आहे. परंतु त्या अभिमानात आपण एवढे रमतो, की तंजावरच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेल्या या मोठ्या शहरात मागील दीडशे वर्षांत काय घडले, हे पाहावयाचे राहून जाते. मनुष्याच्या रक्तात, प्लीहेत आणि आतड्यांत बिऱ्हाड करणाऱ्या परोपजीवी जंतूंवर औषधे कशी सापडली, या कथेतील काही महत्त्वाची पाने मद्रासेत लिहिली गेली आहेत. त्यांतील एक पान तर असे आहे, की ज्याने ते लिहावयाचे त्यालाच या शहराने दाराबाहेर ठेवले.

प्रथम हिवतापाची हकीकत थोडक्यात सांगतो. १८६० साली क्लेमेंट्स मार्कहॅम याने दक्षिण अमेरिकेतून सिंकोना वृक्षांची रोपे व बिया आणविल्या, आणि निलगिरीवर उदकमंडलम येथे मॅकआयव्हर नावाच्या उद्यान-अधिकाऱ्याने ती लागवड जगविली. सिंकोनाच्या सालीत क्विनाइन असते हे सर्वांस ठाऊक आहे. तिच्यात आणखीही तीन क्षारद्रव्ये असतात, आणि ती क्विनाइनपेक्षा स्वस्त पडतात, हे त्या मानाने कमी लोकांस ठाऊक असते. क्विनाइन त्या काळी इतके महाग होते, की ज्यांना हिवताप सर्वांत अधिक येई त्यांना ते विकत घेता येत नसे. म्हणून १८६६ साली मद्रास सरकारने एक समिती नेमून या चारही द्रव्यांची प्रत्यक्ष रोग्यांवर परीक्षा करविली. दोन वर्षांत २,४७२ रोग्यांवर उपचार झाले: क्विनाइनने ८४६, क्विनिडीनने ६६४, सिंकोनीनने ५५९ आणि सिंकोनिडीनने ४०३. बरे झाले २,४४५. गुण आला नाही असे केवळ २७. दर हजारी अपयश क्विनिडीनचे ६, क्विनाइनचे ७, सिंकोनिडीनचे १० आणि सिंकोनीनचे २३.

ज्याचे आयुष्य तक्ते भरण्यात आणि तक्ते तपासण्यात जाते अशा माझ्यासारख्या कारकुनाला हे आकडे पाहून जो आनंद होतो, तो इतरांस कदाचित हास्यास्पद वाटेल. परंतु ध्यानात घ्या: हिवतापाचा जंतू फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ याला अल्जीरियात दिसला तो १८८० साली. म्हणजे शत्रू कोण हे ठाऊक नसताना, निरनिराळी शस्त्रे त्यावर किती चालतात याची मोजदाद मद्रासेत चौदा वर्षे आधी सुरू झाली होती. स्वस्त द्रव्येही जवळजवळ तितकीच गुणकारी आहेत असा त्या तक्त्याचा स्पष्ट अर्थ होता. तथापि बाजारात मान राहिला तो क्विनाइनलाच. पुढे टपाल कचेऱ्यांतून क्विनाइनच्या पुड्या विकण्याचीही व्यवस्था झाली. आपल्यापैकी जे टपाल खात्यात आहेत त्यांनी हा वारसा विसरू नये.

यानंतरची हकीकत १९०३ सालची आहे, आणि ती याच जनरल हॉस्पिटलमधील आहे. चार्ल्स डोनोव्हन हा कलकत्त्यास जन्मलेला आयरिश मनुष्य. डब्लिनला शिकून तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला आणि मद्रासेत शिकवूही लागला, रोगीही पाहू लागला. दीर्घ ज्वर, दिवसेंदिवस वाढत जाणारी प्लीहा, काळवंडत चाललेले अंग आणि शेवटी मृत्यू, असा क्रम असलेले रोगी त्याच्याकडे येत. त्यांना ‘जुना हिवताप’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची तेव्हा रीत होती. डोनोव्हनला तो शिक्का पटेना. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अशा मृतांच्या प्लीहेत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, गोलसर कण दिसले. परंतु प्रेतात दिसलेली वस्तू मरणानंतर कुजून तयार झाली नसेल कशावरून? हा प्रश्न तो मनात बाळगून असतानाच, मे महिन्याच्या अखेरीस, विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टराचा लेख विलायतेत छापून आला. कलकत्त्याजवळील डमडमहून परतून इंग्लंडात मरण पावलेल्या एका शिपायाच्या प्लीहेत त्यालाही तेच कण दिसले होते. मात्र ते दुसऱ्याच एका ज्ञात जंतूचे विघटित अवशेष असावेत, असा त्याचा तर्क होता. १७ जून १९०३ रोजी डोनोव्हनने एका जिवंत मुलाच्या प्लीहेतून सुईने रक्त काढले, आणि त्यात तेच कण दिसले. प्रश्न मिटला. हे अवशेष नव्हते. हे स्वतंत्र, जिवंत परोपजीवी होते.

त्यानंतर पहिला मान कोणाचा, यावर जे वाद झाले ते वाचताना आपल्या कचेरीतील ज्येष्ठता-यादीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अखेर रोनाल्ड रॉसने तोडगा काढला. जंतूच्या कुलास लीशमनचे नाव आणि जातीस डोनोव्हनचे. काळा आजार म्हणून बंगाल-आसामात जो रोग प्रसिद्ध आहे त्याचा जंतू तेव्हापासून ‘लीशमानिया डोनोव्हनी’ या नावाने ओळखला जातो. डोनोव्हनला फुलपाखरांचाही मोठा नाद होता. पुढे तो मद्रासच्या रायपेट्टा रुग्णालयाचा प्रमुख झाला, निवृत्तीनंतर इंग्लंडला गेला आणि १९५१ साली वारला.

परंतु जंतू सापडला म्हणून रोगी वाचला असे होत नाही. डोनोव्हनच्या त्या सुईनंतर एक तप लोटले, तेव्हा १९१५ च्या सुमारास सिसिलीत आणि कलकत्त्यास अँटिमनीचा क्षार शिरेतून देण्याचा प्रयोग यशस्वी झाला. तोही जिकिरीचा, कारण औषध स्वतःच विषारी होते. खरा उपाय निघाला तो कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील एका कोंदट खोलीत. तेथे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी गॅस, नळाचे पाणी यांसारख्या साध्या सोयींवाचून ‘युरिया स्टिबामीन’ तयार केले आणि १९२२ साली त्याचे गुण प्रसिद्ध केले. ज्या रोगात दहांपैकी नऊ दगावत, त्यात दहांपैकी नऊ वाचू लागले. याविषयी बंगाली मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी येथेच थांबतो आणि माझ्या मुख्य विषयाकडे वळतो.

तो विषय म्हणजे हत्तीरोग. विदर्भात ज्यांचे घर आहे त्यांना, विशेषतः चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या बाजूच्या लोकांना, हा रोग वर्णन करून सांगावयास नको. दक्षिण कोकणातही तो आहे. मद्रासच्या जुन्या वस्तीत, कूवम नदीच्या आणि बकिंगहॅम कालव्याच्या काठाने, हत्तीपाय झालेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली. या रोगाने माणूस सहसा मरत नाही; तो जगतो, आणि तेच त्याचे दुःख असते. पाय सुजतो, कातडी जाड व खरबरीत होते, वरचेवर ताप येतो, काम सुटते, मुलीचे लग्न मोडते. सुताच्या धाग्यासारखे जंत शरीरातील लसीकावाहिन्यांत ठाण मांडून बसतात आणि अनेक वर्षे जगतात. त्यांची असंख्य सूक्ष्म पिले रक्तात सोडली जातात. १८७२ साली टिमथी लुइस याने ती कलकत्त्यास मनुष्याच्या रक्तात पाहिली, आणि १८७७ साली पॅट्रिक मॅन्सनने चीनमध्ये दाखविले, की डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जाऊन वाढू लागतात.

यातील सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी, की ही पिले दिवसा हाताच्या बोटातून काढलेल्या रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत. दिवसभर ती फुप्फुसांतील बारीक वाहिन्यांत दडून असतात आणि रात्री दहाच्या पुढे, डास चावण्याच्या वेळी, अंगभर हिंडावयास निघतात. म्हणून हत्तीरोग तपासणाऱ्या सरकारी नोकराला लोक निजल्यावर दारे ठोठवावी लागतात. हा डासही गटारांच्या आणि डबक्यांच्या घाण पाण्यात वाढणारा; नगरपालिकेने जेथे जेथे कुचराई केली तेथे तेथे त्याची सोय झालेली असते.

मॅन्सनच्या शोधानंतर सत्तर वर्षे उलटली, तरी या जंतावर खात्रीचे औषध नव्हते. आर्सेनिक झाले, अँटिमनी झाले. परंतु इंजेक्शनांचा त्रास रोगापेक्षा अधिक असे. ते औषध ज्याच्या देखरेखीखाली निघाले तो मनुष्य याच सेंट्रल स्थानकासमोरच्या मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी होता.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. घर गरिबीचे. लहानपणी ते एकदा घरातून पळाले, ते काशीस जाऊन यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हावे म्हणून! मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या खेपेस, मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलमधून, उत्तीर्ण झाले. पुढे रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यासी होण्याचे मनात होते. आईने संमती दिली नाही. वैद्यकाकडे वळले, आणि शिक्षणाचा खर्च सासऱ्यांनी उचलला. दोन भाऊ संग्रहणीच्या रोगाने थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले होते. सुब्बारावांनाही तोच विकार जडला आणि डॉ. लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचाराने ते बचावले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

मेडिकल कॉलेजात ते असताना असहकाराचे वारे सुटले. गांधीजींच्या हाकेस अनुसरून सुब्बारावांनी विलायती कापड टाकले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचा झगाही खादीचा शिवून घेतला. शस्त्रक्रियेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना हे रुचले नाही. परिणामी सुब्बारावांना एम. बी. बी. एस. ही पदवी न मिळता एल. एम. एस. हे खालच्या दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले. वरवर पाहता हा दोन-चार अक्षरांचा फरक. पण सरकारी नोकरीत अक्षरांना काय किंमत असते हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. मद्रासच्या वैद्यकीय खात्यात त्यांना जागा मिळू शकली नाही. ज्या वैद्याने जीव वाचविला त्याच्याच आयुर्वेदिक महाविद्यालयात ते शरीरशास्त्र शिकवू लागले, आणि तेथून काही धर्मादाय मदत व सासऱ्यांचे पैसे जमवून अमेरिकेस गेले.

घरी पत्नी शेषगिरी राहिल्या. अमेरिकेस गेल्यावर मुलगा झाल्याची वार्ता त्यांना कळली. त्या मुलाचे तोंड त्यांनी पाहिले नाही, कारण ते मूल तान्हेपणीच दगावले. पत्नीची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. आपण बदलीवर आलेली माणसे वर्षाकाठी एकदा रजा घेऊन गावी जातो आणि तेवढ्याने विरहाच्या गोष्टी बोलतो. पंचवीस वर्षे परत न आलेल्या माणसाकडे कोणत्या मापाने पाहावे हे मला उमगत नाही. त्यांच्या थोरवीच्या गुणगानात शेषगिरींचा उल्लेख एका ओळीत आटोपला जातो, तो मला तरी बोचतो.

हार्वर्डमध्ये प्रथम उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास, पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे, आणि मग फिस्क यांच्या प्रयोगशाळेत संशोधन, असा त्यांचा क्रम होता. १९२५ साली रक्तातील फॉस्फरस मोजण्याची जी ‘फिस्क-सुब्बाराव’ पद्धत प्रसिद्ध झाली ती जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. स्नायूंच्या कार्यशक्तीचे मूळ जी द्रव्ये, त्यांच्या शोधातही त्यांचा वाटा मोठा होता. तरी हार्वर्डने त्यांना कायम जागा दिली नाही. १९४० साली न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली नावाच्या औषध कंपनीत ते गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. फॉलिक आम्लाची कृत्रिम निर्मिती, रक्ताच्या कर्करोगावर सिडनी फार्बर यांनी १९४७ साली वापरलेले पहिले औषध, ऑरिओमायसीन हे प्रतिजैविक: एवढ्या गोष्टी त्यांच्या हाताखालील मंडळींनी आठ वर्षांत केल्या. ज्या संग्रहणीने दोन भाऊ नेले, तिच्यावरच फॉलिक आम्ल गुणकारी ठरावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

हत्तीरोगाचा प्रश्न मात्र त्या कंपनीपुढे भीमावरमच्या किंवा मद्रासच्या रोग्यांसाठी आलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर गेलेल्या हजारो अमेरिकी सैनिकांना हा रोग जडला, तेव्हा अमेरिकेस जाग आली. जो रोग कोट्यवधी गरिबांना शतकानुशतके छळत होता, तो काही हजार गोऱ्या सैनिकांना होताच दोन-चार वर्षांत त्यावर औषध निघाले. याचा राग यावा की आनंद मानावा? मी दोन्ही करतो. रेजिनल्ड ह्युइट आणि त्यांचे सहकारी एका जातीच्या रानउंदरांत हत्तीरोगाच्या जंताचा एक भाऊबंद वाढवीत आणि त्यावर एकामागून एक रासायनिक द्रव्ये पारखून पाहत. त्यांतून पायपरेझीन कुळातील एक द्रव्य हाती लागले: डायएथिलकार्बामाझीन. कंपनीने त्याचे नाव ‘हेट्राझान’ ठेवले. १९४७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. लेखकांच्या नावांत सुब्बारावांचे नाव आहे. पोटात घ्यावयाची साधी गोळी, आणि काही तासांतच रक्तातील जंतांची पिले बहुतांशी नाहीशी!

गंमत अशी, की काचेच्या नळीत ही पिले या औषधात सोडली तर ती मजेत वळवळत राहतात. मारणारे हात आपल्या शरीराचेच असतात. औषध केवळ चोराचे बुरखे दूर करते, आणि यकृतातील भक्षक पेशी त्यांचा समाचार घेतात. हे कसे घडते याचा उलगडा करण्यात पुढे कित्येक वर्षे गेली. मोठ्या जंतांवर मात्र त्याचा परिणाम अर्धामुर्धाच होतो, आणि एकदा हत्तीसारखा झालेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. तेवढ्यासाठी पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवणे, जखमा जपणे हेच करावे लागते.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच वारले. वय त्रेपन्न. ते अखेरपर्यंत अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते. खादीच्या झग्याचा अपराध आता गुण ठरला असता. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९९५ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

औषध हाती आल्यावर सर्व सुरळीत झाले असते, तर ही कथा येथेच संपली असती. १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण योजना सुरू झाली. गावोगाव गोळ्या वाटल्या. परंतु ज्यांच्या रक्तात जंतांची पिले होती त्यांना गोळी घेताच ताप भरला, अंग दुखले, मळमळले. पिले मरत होती त्याचेच ते लक्षण होते. म्हणजे गोळी लागू पडत होती. पण ज्याला आदल्या दिवसापर्यंत आपण ठणठणीत आहोत असे वाटत होते त्याला हे कोणी पटवावे? लोकांनी गोळ्या गटारात टाकल्या. सरसकट वाटपाचा बेत मागे पडला, आणि पुढे कित्येक वर्षे डासांच्या अळ्या मारणे आणि रात्री रक्त तपासून सापडेल त्याला औषध देणे एवढ्यावर काम रेटले गेले.

मग युक्ती निघाली ती मिठाची. फ्रँक हॉकिंग याने १९६७ साली ब्राझीलमध्ये स्वयंपाकाच्या मिठातून हे औषध देऊन पाहिले. शिजविण्याच्या उष्णतेने ते बिघडत नाही, आणि मात्रा इतकी अल्प असते की ताप येत नाही. आपल्याकडे कारैकाल येथे १९८० नंतरच्या दशकात हे मीठ घरोघर गेले; सांबार-रसमातून नकळत औषध पोटात गेले आणि रोगाचे प्रमाण उतरले. आणखी पुढे असे आढळले, की बारा दिवसांच्या क्रमाऐवजी वर्षातून एकदाच घेतलेली मात्रादेखील वस्तीतील संसर्ग खाली आणते. त्या आधारे १९९६-९७ मध्ये सात राज्यांतील तेरा जिल्ह्यांत वार्षिक वाटप सुरू झाले. तमिळनाडू त्यात आरंभापासून होता. २००४ पासून ते देशभरच्या बाधित जिल्ह्यांत पसरले, नंतर त्यास आतड्यांतील जंतांवरील अल्बेंडाझोलची जोड मिळाली, आणि २०१८ पासून काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही दिले जाऊ लागले.

येथे नारूची आठवण काढावी लागते. नारूवर औषध कधीच निघाले नाही. आपल्या आजोबांच्या काळी तो काडीला गुंडाळून इंचइंच बाहेर काढीत, आणि तसाच तो शेवटपर्यंत काढला गेला. तरी भारतातील त्याचा शेवटचा रोगी १९९६ सालचा, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी गाळून पिण्यास लोकांना शिकविले, एवढ्यावर हे झाले. हत्तीरोगावर उत्तम औषध १९४७ पासून हाती असूनही तो अद्याप गेलेला नाही. तेव्हा औषध शोधणे हे काम मोठे खरेच. परंतु ते निम्मेच काम, असे मला या इतिहासावरून वाटते. उरलेले निम्मे काम ज्यांच्याकडे असते त्यांची नावे कोणत्याही जंतूला दिली जात नाहीत.

बाधित जिल्ह्यांत वाटपाच्या दिवशी कार्यकर्ती दारी येते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना वगळते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलास एक, चौदापर्यंतच्यास दोन आणि मोठ्यांस सुब्बारावांच्या त्या औषधाच्या तीन गोळ्या मोजून हातावर ठेवते. गोळ्या ठेवून निघून जाण्याची तिला मुभा नसते. समोर पाण्याचा पेला आणवून, गोळ्या घशाखाली गेल्या हे डोळ्यांनी पाहून, मगच ती वहीत खूण करते आणि पुढचे दार ठोठावते.